वैशाखाचं पान आणि खाडीकाठची विहीर

दाभोळच्या खाडीपलीकडे, अंजनवेलच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या बायकांच्या एका गटासाठी मी पुण्यात बसून चार महिने एक वही तयार केली होती. टपालाने पाठवली असती तरी चाललं असतं, पण ती आपल्या तोंडून वाचून दाखवावी असा मला मोह झाला आणि २००४च्या मे महिन्यात मी निघाले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

त्या गटात मुसलमान मोहल्ल्यातल्या, कुणबीवाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या बायका होत्या. त्यांनी गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला होता आणि रेशनचं दुकान वेळेवर उघडायला लावलं होतं. अडायचं ते एवढ्यावरच, की बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना कुणाची म्हणायची? म्हणून हंगामवार वही. पेरणीच्या दिवसांत काय वाचायचं, रमजानात काय, दिवाळीत काय, बुद्धपौर्णिमेला काय, असं सगळ्यांचं सगळं, एकापाठोपाठ. मला ती फार सुंदर झाल्यासारखी वाटत होती.

स्वारगेटहून दापोलीची सकाळची एसटी धरा, आणि शक्यतो डाव्या खिडकीची जागा मिळवा. वरंध घाट उतरला की हवा एकदम चिकट होते. दापोलीला मी एका साध्या लॉजवर राहिले. जेवायला तिसऱ्यांचं सुकं, भाकरी आणि सोलकढी मिळाली, तीही पुण्यातल्या नाश्त्याच्या पैशांत. दुसऱ्या दिवशी दाभोळपर्यंत पुन्हा एसटी, आणि तिथून धोपाव्याला फेरीबोट. ही बोट तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे माणसं जीपगाड्यांकडे आणि जीपगाड्यांतली माणसं खाडीकडे सारख्याच कौतुकाने बघत होती. संध्याकाळची शेवटची बोट किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. पलीकडे रिक्षा मिळते.

मी उतरले गटातल्याच हमीदाभाभींकडे. भाभी पन्नाशीच्या, नवरा बोटीवर नोकरीला, मुलगा कुवेतला. घरात ईद-ए-मिलादची सांदणं झाली होती. नारळाच्या रसात बुडवलेली दोन सांदणं त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या की त्या वर्षी ईद आणि बुद्धपौर्णिमा दोन दिवसांच्या अंतराने आल्या आहेत, त्यामुळे वही वाचायला मुहूर्त चांगला लागला.

दुपारच्या नमाजानंतर त्यांच्या पडवीत बारा-तेरा जणी जमल्या. मी वैशाखाचं पान काढलं. त्यात पाण्याबद्दलची एक प्रार्थना होती, माझी मीच रचलेली. एकाच पाण्यावर आपण वाढलो, एकाच पाण्याने आपली तहान भागते, अशी. वाचून झाल्यावर दोघीतिघींनी माना डोलावल्या. खांबाला टेकून बसलेली एक तरुण बाई मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. ती शेवंती, बौद्धवाडीतली.

"ताई, कनच्या पाण्यावर?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग तिने शांतपणे सांगितलं. मे महिन्यात तिची वाडी आटलेल्या ओढ्यात, वहाळात, खड्डा खणून त्यातलं पाणी वाटीवाटीने भरते. कुणबीवाडीच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. तिथे गेलं तर कठड्यापासून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. "येऊ नका असं कुणी बोलत नाय," ती म्हणाली, "पण दोर कुणी हातात देत नाय."

ती विहीर रजनीताईंच्या दारात होती. रजनीताई गटाच्या अध्यक्ष, गुत्त्यासमोर सगळ्यांत पुढे उभ्या राहिलेल्या. त्या खाली मान घालून पदराचं टोक चुरत बसल्या होत्या.

बोलल्या त्या हमीदाभाभी. "आम्हाला माहीत होतं गो शेवंती. आमची विहीर शिमग्यापासूनच मचूळ होते. मग आम्ही पण तिथलंच भरतो. बोललो तर आमचं पण बंद होईल, ही भीती."

चार वर्षं या बायका एकत्र बसत होत्या, एका किटलीतला चहा पीत होत्या, आणि हे कधी निघालंच नव्हतं. रजनीताई चपला घालून निघून गेल्या. मला वाटलं, माझ्या एका गोड पानाने यांचा गट मोडला. भाभींना तसं म्हणाले, तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरी थापायला बसल्या.

बुद्धपौर्णिमेला सकाळी शेवंती हंडा घेऊन आली. विहारात खिरीला पाणी हवं होतं. तिने आम्हाला चला म्हटलं नाही. भाभींनीच आपला हंडा उचलला, मला कळशी दिली, आणि आम्ही तिघी जांभ्या दगडाची पाखाडी चढून वर गेलो.

विहिरीपाशी रजनीताईंची सासू आमसुलं वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले. शेवंती रोजच्या जागी, लांबच उभी राहिली. तेवढ्यात रजनीताई घरातून आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी कठड्यावरचा दोर उचलला आणि शेवंतीसमोर धरला.

"घे. तुझं तू काढ."

शेवंतीला आत बघून पाणी काढायची सवय नव्हती. बादली दगडाला आपटली, पहिलं पाणी निम्मं सांडलं. कुणी मदत केली नाही आणि ते बरंच झालं. सासूबाई उठल्या, आमसुलांचं सूप घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रजनीताईंनी त्या दाराकडे एकदा पाहिलं, पण जागच्या हलल्या नाहीत. हंडा भरल्यावर तो शेवंतीच्या डोक्यावर चढवायला त्यांनी हात दिला.

खीर खायला त्या आल्या नाहीत. त्यांच्यासाठी शेवंतीने वाटीभर खीर झाकून ठेवली.

परतताना एसटी महाडला थांबली. चवदार तळं तिथून किती जवळ आहे! पाण्याची प्रार्थना लिहिताना मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. पुण्याला आल्यावर ती प्रार्थना मी काढून टाकली. आता प्रत्येक हंगामाचं पान प्रश्नाने सुरू होतं, आणि वैशाखाच्या पानावर शेवंतीचा प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत.

पावसाळ्यात भाभींचं पत्र आलं. शेवंती रोज पाणी भरते. कुणबीवाडीतल्या दोन घरांतल्या बायका ती गेल्यावरच विहिरीवर येतात. रजनीताईंच्या सासूने महिनाभर सुनेच्या हातचं खाल्लं नाही, मग आजारी पडली तेव्हा पेज घेतली. गट अजून बसतो.

आणि माझं घर. आमच्याकडे धुण्याभांड्याला मंदाबाई येत, अकरा वर्षं. त्यांचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा असायचा. माझ्या आईने ठेवलेला, मी कधी न हलवलेला. त्याच खिडकीखालच्या टेबलावर बसून मी ती वही लिहिली होती.

पत्र आलं त्या आठवड्यात मी आमच्या कपांतल्या एका कपात चहा ओतून त्यांना दिला आणि समोर बसले. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा प्यायल्या, कप स्वच्छ धुतला आणि नेमाने खिडकीत नेऊन ठेवला. मी तो उचलून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीत. असं बरेच दिवस चाललं. एके दिवशी कप धुऊन झाल्यावर तो हातात घेऊन त्या माझ्याकडे वळल्या, आणि म्हणाल्या, "कुठं ठेवू?"