शुद्ध बोलणारं यंत्र

गीतांजली अकोटची. घरचा मळा वांग्यांचा आणि झेंडूचा. ती पुण्यात एका संस्थेत स्पेक्युलेटिव्ह आणि क्रिटिकल डिझाइन शिकत होती. म्हणजे विकायच्या वस्तू करायच्या नाहीत. नवं तंत्रज्ञान उद्या आपल्याला कुठे नेऊन ठेवील याचा विचार करून अशी वस्तू मांडायची, की बघणाऱ्याने अस्वस्थ व्हावं.

विषय तिला मनापासून आवडला. वर्ग मात्र डोक्यात गेला. बहुतेकांनी शेत पाहिलेलं ते गाडीच्या काचेतून, पण पन्नास वर्षांनंतरचं खेडं त्यांना तोंडपाठ होतं: भेगाळलेली जमीन, वर ड्रोन, खाली कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. मार्गदर्शक ललित सर असल्या चित्रांपुढे डोळे मिटून मान डोलवायचे. एकदा चर्चेत गीतांजलीच्या तोंडून "मले नाही पटत" निघून गेलं. सर म्हणाले, "किती गोड बोलतेस गं!" काय पटत नाही, हे कुणीच विचारलं नाही.

त्या रागातून तिचा प्रकल्प निघाला. वऱ्हाडी बोलणं ऐकून ते त्याच माणसाच्या आवाजात पुणेरी करून देणारा एक छोटा डबा. त्यावर तिने मुद्दाम लिहिलं, 'आता लाज नको.' लोकांनी चिडावं म्हणून ती तो घेऊन अमरावतीला आली आणि एका सभागृहात प्रदर्शन मांडलं.

कुणी चिडलं नाही. उलट रांग लागली. मुलाखतींचे क्लासेस चालवणारे ओमप्रकाश तीनदा डब्यात बोलून गेले.

"म्याडम, केवढ्याले देता?"

"विकायले नाही हे. तुमाले राग नाही आला? आपलीच बोली पुसून राहिलं हे."

"राग कायचा? पोरायले नोकऱ्या लागतीन!"

सोन्याचा दात दाखवत हसणारा तो माणूस तिला किळसवाणा वाटला. रांगेतले सगळेच वाटले. मग तिची धाकटी बहीण खुशी पुढे आली. तिला नागपूरच्या एका हॉटेलात रिसेप्शनची नोकरी हवी होती. ती दोन वाक्यं बोलली आणि परत आलेला स्वतःचा आवाज जीव लावून ऐकत राहिली.

"ताई, अशी बोलली तं मी चांगली वाटते, नाई?"

खुशीला तुच्छ लेखणं तिला जमेना.

पुण्यात ललित सर मात्र हरखले. "लोकांना ते हवंसं वाटलं, यातच तर तुझी टीका आहे!" गावात पूर आला तरी हा माणूस त्याला 'रंजक' म्हणेल, असं तिला वाटलं. अंतिम परीक्षणाच्या आदल्या दिवशी तिने डबा उलटा फिरवला: पुणेरी ऐकून वऱ्हाडी करणारा. परीक्षणात सर त्यात बोलले, "आपण भविष्याकडे कसं पाहतो?" आणि त्यांच्याच आवाजात डबा म्हणाला, "आपन पुढच्या दिसायकडं कसं पायतो बे?"

परीक्षक पोट धरून हसले. तिने डबा बंद केला.

"काहून हसून राहिले?"

"अगं, मजा आली," सर डोळे पुसत म्हणाले.

"माझ्या बहिणीचा आवाज पुणेरी होऊन आला तेव्हा कोणी हसलं नव्हतं."

मग एका परीक्षकाने कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

ती काठावर पास झाली. डबा विकत घ्यायला आलेल्या कंपनीला तिने उत्तरही दिलं नाही. आता ती अमरावतीत एका कॉलेजात शिकवते आणि पुण्याहून आलेली आमंत्रणं न वाचता पुसून टाकते. ओमप्रकाशनी कुणाकडून तरी तसलंच ॲप करून घेतलं. खुशी त्यांच्याच क्लासला गेली, तिला नोकरीही लागली.

परवा ती अकोटला आली असताना खुशीचा घरी फोन आला. आई माणिकबाईंनी पलीकडचं पुणेरी बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि फोन गीतांजलीपुढे धरला.

"पाय बरं, कोन बोलून राहिली हे?"

"खुशीच आहे, आई," ती म्हणाली, आणि फोन परत आईच्या हातात दिला.