बाबांच्या दातांवरचं कीटण

बी.डी.एस.च्या शेवटच्या परीक्षेसाठी मी माझ्या बाबांच्या दातांवरचं कीटण चार महिने जपून ठेवलं होतं.

हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी डेंटल कॉलेज आतून पाहिलेलं नाही. तिथं हिरड्यांच्या प्रॅक्टिकलला पेशंट विद्यार्थ्यानंच आणायचा असतो. बाहेरून आलेले परीक्षक त्याचं तोंड बघतात आणि मग त्यांच्यासमोर तुम्ही त्याचे दात खरवडून साफ करून दाखवायचे. म्हणजे पेशंट जितका घाण, तितकी तुमची विद्या उठून दिसणार. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आईवडीलच डेंटिस्ट. त्यांचे पेशंट पप्पांच्या क्लिनिकमधून निवडून, पारखून, कारमध्ये बसून येत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्याकडे क्लिनिक नव्हतं, कार नव्हती. पण माझ्याकडे बाबा होते.

बाबा या हिंदी मुलखात तीस वर्षं फॅक्टरीत लेथवर काम करून रिटायर झालेले, आणि ती तीसही वर्षं गालात तंबाखू-चुना. खालच्या पुढच्या दातांमागं असा थर, की दात कोणता आणि थर कोणता हे ओळखायला सर्व्हे करावा लागेल. त्यांच्या तोंडाचा फोटो पाहून एक मैत्रीण म्हणाली, "यार, तू कितनी लकी है." मला खरंच अभिमान वाटला.

मी बाबांना बजावलं, "परीक्षेपर्यंत दातांना कोणाचा हात लागू द्यायचा नाही."

"अन् तंबाखू?"

"ती परीक्षेनंतर बंद."

"पाहून राहिली ना?" बाबा आईला म्हणाले. "पोरगी शिकली की असा फायदा असते."

(दातांची डॉक्टर होऊ घातलेली मुलगी बापाला चार महिने तंबाखूची मुभा देते. हा उपचार कुठल्याही पुस्तकात नाही.)

परीक्षेच्या दिवशी बाबा नव्या शर्टात, केसांना काळा रंग लावून तयार. आमच्या अधारताल मोहल्ल्यातून कॉलेजपर्यंत ऑटोत ते एक शब्द बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, "घाबरू नका, बाबा." त्यांनी नुसती मान हलवली. सोबत आलेली आई उगाचच बाहेर रस्त्याकडे बघून हसत होती.

खुर्चीत बसवलं, गळ्यात निळा कागद बांधला, दिवा लावला. "आ करा." बाबांनी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढं पांढरं झालं.

"बाबा, हे काय केलं?"

"कशे दिसून राहिले?"

"कोणी केले?"

"इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरनं. काल. तुझ्या आईनं नेलं."

आई पुढं आली. "तुले सांगणार नव्हतो, सरप्राईज होतं. एवढे मोठे साहेब येणार. म्हणतील, पोरगी डॉक्टर होऊन राहिली अन् घरात बापाचं तोंड असं? लाज काढाची होती का आपली?"

"आई, तेच तोंड दाखवायचं होतं."

"ते घाणेरडं? काहून?"

"साफ करायला."

आईनं थोडा विचार केला. "मग झालं ना साफ. साहेबाले साफ झाल्याशी मतलब."

तिच्या या म्हणण्यात खोट काढायला माझ्याकडे चार वर्षांचं शिक्षण होतं आणि वीस मिनिटांचा वेळ. दोन्ही पुरलं नाही. पेशंट नाही म्हणजे नापास, आणि पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी. इकडे बाबांनी तर गल्लीत मला केव्हाच डॉक्टर करून टाकलं होतं. शेजारपाजारचे लोक कोथिंबीर घेतानासुद्धा मला दाढ दाखवत.

बाबा खुर्चीतून उतरले. "थांब. पेशंट मी आणतो."

निळा कागद गळ्यात तसाच. मी मागं धावले. गेटबाहेर ई-रिक्षांची रांग. बाबा पहिल्या ड्रायव्हरपुढं उभे राहिले. "भैया, ज़रा दाँत दिखाना."

त्या बिचाऱ्यानं दाखवले. बाबांनी मान वाकडी करून, लेथवरून उतरलेला पार्ट तपासावा तसे तपासले. "इसमें दम नहीं है," म्हणाले आणि पुढच्याकडे गेले.

"क्यों चाचा, घोड़ा ख़रीद रहे हो क्या?" दुसरा म्हणाला.

तिसऱ्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं होतं. बाबांनी त्याला चूळ भरायला लावली, आत डोकावले आणि मला हाक मारली. "इकडे ये, पोरी. माल आहे."

मी पाहिलं. खजिना होता. दोन्ही बाजूंनी, वरखाली.

"दीदी, नंबर चला जाएगा मेरा," तो कुरकुरला.

आई तोवर त्याच्या रिक्षात चढून बसली होती. "आप जाओ भैया. मैं बैठी हूँ ना."

परीक्षक आले. आता केस पेपर मी आधीच घरी, सुंदर अक्षरात लिहून आणला होता, अर्थात बाबांचा. त्यांनी तो वाचला, मग तिशीतल्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

"आप रिटायर हो चुके हैं?"

बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, साहेब विचारतील त्याला हो म्हण. "जी हाँ," तो म्हणाला.

"मोतियाबिंद का ऑपरेशन भी हो गया?"

"जी हाँ."

"और ये चाबी किसकी है हाथ में?"

"जी हाँ."

परीक्षकांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला बनवाबनवी जमत नाही. (जमत असती तर पेपर तरी बदलला असता.) "सर, पेपर मेरे पिताजी का है, मुँह इनका है. पिताजी कल दाँत साफ़ करवा के आ गए."

"कहाँ हैं पिताजी?"

बाबा खांबामागून पुढं आले आणि न सांगता तोंड उघडून उभे राहिले. परीक्षकांनी आरसा घातला. वर पाहिलं, खाली पाहिलं, मागं पाहिलं.

"भई वाह. बहुत सफ़ाई का काम है. किसने किया?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाबांचं आधीच उघडं होतं. "साहब, घर में डॉक्टर है," ते म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

परीक्षकांनी मान डोलावली. "नया पेपर लिखो. जल्दी."

लिहिला. ड्रायव्हरचे दात खरवडून साफ केले. त्यानं तीनदा विचारलं, "दीदी, हो गया?" आणि चौथ्यांदा विचारायची हिंमत केली नाही. पास झाले. अगदी काठावर, पण पास.

आता अधारतालला माझं छोटं क्लिनिक आहे. बाबांनी तंबाखू सोडली. माझ्या सांगण्यानं नाही, दात खराब होतील म्हणून. रोज बाहेरच्या बाकावर बसतात आणि आलेल्या पेशंटला ओठ वर करून दाखवतात. "देखो, ऐसे हो जाएँगे." मी आतून ऐकते. दुरुस्त करत नाही. धंदा बरा चालतो.

गेल्या महिन्यात त्या दातांवर चहाची पिवळी झाक दिसली. म्हटलं, "बाबा, बसा खुर्चीत. दहा मिनिटांत करून देते."

बाबा चपला घालत होते. "नको. गोरखपूरचीच वेळ घेतली."

"काहून? मी आहे ना."

"तू आहे ना, बाई," बाबा फार मायेनं म्हणाले. "पण हे सॅम्पल आहे. सॅम्पलवर रिस्क कायले घ्याची?"