नऊ मिलिमीटर

मामाच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण दुसरीवर कायम जुनी वर्तमानपत्रं. पहिलीच्या मागे तो चाळीस वर्षं उभा राहिला. गिऱ्हाईक बसलं की कात्रीआधी तोंड सुरू. टक्कल पडलेल्या माणसाला तोंडावर म्हणायचा, "साहेब, मधलं पीक गेलं, पण बांध शाबूत आहेत." आणि तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा मामा आमच्याच हॉस्पिटलमध्ये आला. "घरची पोरगी मशीनवर आहे, मला कोण फसवतंय?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. घरची पोरगी म्हणजे मी. त्याचा एमआरआय मीच काढला.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या, ऑपरेशन किंवा रेडिएशन. मामाने एकच विचारलं, "दिवसभर उभं राहता येईल ना?"

"ऑपरेशननंतर लघवी थोडी गळते. तीन महिन्यांत बहुतेकांचं ठीक होतं," डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्याच्या चित्रांवर एक माप घेतलं. प्रोस्टेटच्या खाली मूत्रनलिकेचा एक आखूड भाग असतो. ग्रंथी काढल्यावर लघवी धरून ठेवायचं काम त्याच्यावर येतं. तो जितका लांब, तितका माणूस लवकर सावरतो, असा अंदाज होता. आमच्याकडे त्यावर अभ्यास चालू होता आणि मामाने त्याच्या संमतीच्या कागदावर न वाचता सही केली होती. बहुतेकांचा हा भाग चौदा मिलिमीटरच्या आसपास भरायचा. मामाचा नऊ. मी दोनदा मोजला.

नियम असा होता की माप वेगळ्या तक्त्यात लिहायचं, नावाऐवजी क्रमांक टाकायचा आणि अभ्यास संपेपर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, नाहीतर निष्कर्ष बिघडतात. रिपोर्टमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. मी तक्त्यात नऊ लिहिलं. संध्याकाळी मामाने विचारलं, "काय करू गं?" मी म्हणाले, "डॉक्टर सांगतायत ते बरोबर आहे."

ऑपरेशन उत्तम झालं. कॅन्सर गेला. तीन महिने गेले, मग दहा गेले. मामा दिवसाला पाच पॅड बदलत होता. वस्तरा धरून जरा वाकला की गळायचं. खुर्चीतल्या माणसाच्या नाकापासून त्याची कंबर हातभर लांब. त्याने अत्तर लावून पाहिलं, पाणी पिणं तोडून पाहिलं. बोलणं मात्र आपोआप कमी झालं. एके दिवशी वीस वर्षं येणारं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठलं. "राहू दे, बाकीची घरी करतो," म्हणत त्याने रुमालाने फेस पुसला. मामाने त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच.

पुढे अभ्यासाचा निकाल लागला. ज्यांचा भाग आखूड, ते मागे राहतात. विभागात केक कापला. दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"तुला कधी कळलं होतं?" त्याने विचारलं.

"ऑपरेशनच्या बारा दिवस आधी."

"बारा दिवस."

"नियम होता, मामा. शिवाय नऊ असूनही काही जण बरे होतात."

"मग तेवढंच सांगायचं होतंस. पुढचं मी बघितलं असतं."

"रेडिएशन घेतलं असतंस?"

"ते आता तू विचारू नकोस."

मामी आतून म्हणाली, "चहा टाकते गं."

"तिला नको," मामा म्हणाला. "तिला कामावर जायचंय."

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी चपला घातल्या.

दर तीन महिन्यांच्या तपासणीला मामा आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलमध्ये जातो. आमचं हॉस्पिटल त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. बसायला जागा असली तरी तो उभाच राहतो, असं मामी सांगते. सीट ओली होईल म्हणून.