स्पिरिटमावशी

आपल्या वरिष्ठाला "आधी हात धुवा" असं तुम्ही कधी सुनावलं आहे का? परभणीतल्या आमच्या शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर बाटल्या धुणाऱ्या एक बाई हे रोज सुनावत. स्पिरिटचा बोळा घेऊन त्या दारातच उभ्या असत, म्हणून आम्ही विद्यार्थी त्यांना स्पिरिटमावशी म्हणायचो.

आत बाटल्यांमध्ये ऑर्किडचे राईएवढे कोंब वाढत होते. त्यांचं अन्न म्हणजे साखर घातलेली खळ. "ही खीर हाय बापू," मावशी मला म्हणाल्या, "हातावरलं काय पडलं, की कोंबाच्या आधी बुरशी जेवून उठती." त्या दिवशी माझ्या बोटांना नामांतराच्या पत्रकांची शाई होती. आपण यांच्याच वस्तीसाठी लढतो, असा माझा तोरा. त्यांनी मला तीनदा हात धुवायला लावले.

विभागप्रमुखांच्या घरी मावशींच्या हातचं पाणी चालत नव्हतं. इथे मात्र तेच साहेब निमूटपणे तळवे पुढे करत. "हितं समद्यांच्याच हाताला विटाळ, साहेब. माझ्याबी," असं त्या सहज बोलून जात. इतकं नेमकं वाक्य मला एकाही पत्रकात लिहिता आलं नाही.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. यंत्रांची पूजा ठरली. ज्या शुद्ध हवेच्या पेटीत कोंब हाताळतात, तिला झेंडूचा हार, उदबत्ती, नारळ. मावशी दारात आडव्या आल्या.

"मावशी, आता देवालाही स्पिरिट लावणार का?" साहेबांनी विचारलं.

"देवाला न्हाई. झेंडूला लावा, न्हाईतर पूजा भाईर करा."

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी मावशींना कॉलेजच्या गोठ्यात शेण काढायला पाठवलं आणि पूजा आतच झाली.

आठ दिवसांत बाटल्यांमध्ये पिंजलेल्या कापसासारखी बुरशी भरली. दोन वर्षांची मेहनत गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं : बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या. मावशींना कामावरून काढलं. मी चिडून जळजळीत पत्रक लिहायला बसलो, तर त्या म्हणाल्या, "कुणाला शिव्या नको देऊ. म्या बाटल्या चांगल्या धुतल्या व्हत्या, तेवढं लिव्ह."

तेवढं लिहिलं आहे. नारळ फुटला तेव्हा आत आम्ही बारा जण होतो. खोबऱ्याचा तुकडा मीही खाल्ला आणि गप्प राहिलो. माझी लेखी जबानी मी आता दिली आहे. उरलेल्या अकरांपैकी कुणी हे वाचत असेल, तर आपल्या सहीनिशी एवढंच लिहून द्या : पूजा आत झाली होती.