आईच्या हातचं

कोरियातल्या जोन्जू शहराच्या जुन्या बाजारात गाउलच्या आईचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. तिळाच्या तेलातला पालक, सोयात शिजवलेले कमलकंद, मुळ्याची आंबवलेली तिखट किमची. गिऱ्हाइकाला ती आग्रह करकरून चव द्यायची. घरी मात्र लेकीने दुसऱ्यांदा भात घेतला, की तिची नजर वाडग्यावर जायची.

"पुरे आता. गालांत डोळे शोधावे लागतात तुझे."

"असू दे गं, कुस्तीत घालू तिला," बाबा म्हणायचे. सगळे हसायचे. गाउलही हसायची.

बाविसाव्या वर्षी तिने नोकरीसाठी अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला. आईने अर्जावरचा फोटो उचलून पाहिला. "हे तोंड बघून कोण बोलावणार?"

तेव्हापासून गाउल "बाहेर जेवले" म्हणू लागली. थंडी सरेपर्यंत कपडे अंगावर लोंबू लागले, केस मुठीने गळू लागले. आईने तिचा हात धरून तिला बाजारभर मिरवलं. "बघा, कशी माणसात आली माझी पोर!" आईने असं कौतुक आजवर कधी केलं नव्हतं. गाउलला रडू येईल इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी धडकी भरली. आता जेवले, तर हे सगळं जाणार.

एका दुपारी आई मासळी आणायला गेली होती. गाउल दुकानात एकटीच होती. परातीतला पालक तिने हातानेच तोंडात कोंबायला सुरुवात केली. आई दारात येऊन उभी राहिली.

"अगं, जनावरासारखं काय हे?"

"भूक लागली की तुझाच आवाज येतो गं कानात! बंद कर ना तो, आई. मला नाही जमत."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाउल फरशीवर कोसळली.

हृदय अशक्त झालंय, डॉक्टर म्हणाले. आई रोज पेज घेऊन इस्पितळात येऊ लागली. कुस्तीची थट्टा करणारे बाबा दाराशी खाली मान घालून उभे राहायचे.

"एक घास, बाळा. चुकले मी. काय काय बोलले मी तुला."

गाउलला खरंच गिळायचं होतं. आईसाठी तरी. पण पेज जिभेवर तशीच राहिली, गळा उघडेना. शेवटी तिने ती रुमालात टाकली आणि ओशाळून आईकडे पाहिलं.

आईने तिचे ओठ पुसले. पुन्हा चमचा भरला.