एका घरातली दोन नावं

"डोळे फसवतात रे बाबा, बोट नाही फसवत," असं म्हणून अंकल डोळे मिटायचे आणि नव्या पाटीवरून तर्जनी फिरवायचे. चूक सापडली की चेहरा असा खुलायचा, जणू लॉटरीच लागली. "खलास! पुन्हा करा!"

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पाट्यांच्या कारखान्यात मी कागद तपासायचो आणि वसईचे अंकल ओतकामासाठी अक्षरं जुळवायचे. वय साठीच्या पुढे, खोड्या मात्र शाळकरी. मॅनेजरच्या केबिनची पाटी त्यांनी एकदा दाराच्या आतल्या बाजूला ठोकली. तो खवळला, तर शांतपणे म्हणाले, "बाहर सबको मालूम है, हबीबी. अंदरवाले को ही रिमाइंडर चाहिए."

एकदा परदेशातून मोठी ऑर्डर आली. तिथे यादवी युद्ध झालं होतं, आणि त्या रणांगणावर पितळी पाट्या लावायच्या होत्या. इथे तोफा होत्या, इथे पूल जळला, असा सगळा मजकूर. शेवटच्या दोन पाट्या मृतांच्या नावांच्या. एका बाजूच्या सैनिकांची एक, दुसऱ्या बाजूच्यांची दुसरी. मैदानाच्या दोन टोकांना त्या उभ्या राहणार होत्या.

नावापुढे बापाचं नाव, गाव आणि वय होतं. अंकलचं बोट कागदावर अडलं. दोन्ही याद्यांतल्या एकेका नावापुढे एकच बाप, एकच गाव.

"भाऊ आहेत रे हे. एकमेकांवर गोळ्या झाडल्या असतील."

"असतील. आपल्याला काय? यादीप्रमाणे करा."

"आमच्या वसईत एका घरची माणसं एकाच कबरीत ठेवतात. भांडून मेली तरी!"

मी हसलो. तिथेच चुकलो, कारण अंकलचं तोंड बंद झालं म्हणजे हात चालू झाले, हे मला ठाऊक होतं. पाटी ओतून आली तेव्हा धाकटा थोरल्याच्या खाली होता आणि दुसऱ्या पाटीवरून गायब होता.

ऑर्डरवाल्यांकडून तपासणीला आलेल्या बाईंनी दोन्ही पाट्या नाकारल्या. मॅनेजर ओरडला, "किसने किया?" तपासणीच्या कागदावर माझी सही होती. अंकल पुढे झाले. "मी केलं. मुद्दाम केलं. याला माहीत पण नाही."

पाट्या नव्याने केल्या, यादीप्रमाणे. अंकलचा व्हिसा मात्र पुढे वाढला नाही. सही माझी असूनही मी गप्प राहिलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

नाकारलेली पाटी वितळवायला जायची होती. त्याआधी अंकलनी तिच्यातून त्या भावांच्या दोन ओळींची पट्टी करवतीने कापून घेतली. मी पाहिलं, तर डोळा मारला. "सुव्हेनीर!"

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी वसईला गेलो. अंकल वारून तेव्हा तीन महिने झाले होते. त्यांच्या घरच्या कबरीवर झेंडूची फुलं होती, मेणबत्त्या होत्या आणि क्रुसाच्या पायाशी ती पितळी पट्टी घट्ट बसवली होती. अंकलची बायको म्हणाली, "फादरनी विचारलं, हे कोण? तर ह्यांनी सांगितलं, आमचे दुबईचे नातेवाईक. तेव्हापासून दरवर्षी दोन मेणबत्त्या जास्त लागतात."

मी वाकलो, डोळे मिटले आणि पट्टीवरून बोट फिरवलं. कुठेच चूक लागली नाही.