झोपेतलं वल्हं

सेइनकाकू एका गालावर थनाखाच्या उगाळलेल्या सालीचा लेप नेहमीपेक्षा जाड लावायला लागली, तेव्हा बाजारातल्या बायकांना चघळायला विषय मिळाला. लेपाखालून काळंनिळं दिसत होतं. फो लात म्हातारपणी बायकोवर हात उचलायला लागला, असं त्या म्हणत. मला ते ऐकवेना. फो लात माझे सख्खे काका. मासा टोपलीत टाकताना त्याचीही माफी मागणारा माणूस. काकूवर त्यांनी आवाज चढवलेला आमच्या इनले तलावावर कुणी ऐकला नव्हता.

गुडघा गेला तेव्हा काकांनी होडी जावयाला दिली. त्याआधी पन्नास वर्षं ते होडीच्या टोकाशी एका पायावर उभे राहत, दुसरा पाय वल्ह्याला गुंडाळून होडी हाकत आणि हातातल्या बांबूने पाणी झोडपून मासे जाळ्याकडे पळवत. होडी गेली, पण काम सुटलं नाही.

एका दुपारी मी टोमॅटो द्यायला गेले तर काका चटईवर झोपले होते आणि त्यांचा उजवा पाय वल्हं मारत होता. मग हात वर गेला आणि काकूच्या खांद्यावर आला. एकदा, दोनदा, तीनदा. काकू हलली नाही. मी ओरडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं. झोपलेल्याचा जीव फुलपाखरू होऊन बाहेर हिंडत असतो, माणसाला दचकवून उठवलं तर फुलपाखराला घरची वाट सापडत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मग बाजूला तरी सरक, असं मी खुणेने म्हटलं. तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या पलीकडे, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या घराची उघडी कड होती आणि खाली पाणी. ती मध्ये नसती तर काका सरळ तलावात गेले असते.

उठल्यावर काकांनी विचारलं, "नीट झोपलो ना गं?"

"अगदी शांत," काकू म्हणाली. चार वर्षं ती हेच सांगत आली होती.

माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. त्याच संध्याकाळी मी काकांना गाठून सगळं सांगून टाकलं. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग घरात गेले, ओल्या फडक्याने काकूच्या गालावरचा लेप पुसला आणि खाली काय आहे ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून ते विहारात राहायला गेले, कायमचं म्हणून.

काकूने मला दारातच धरलं. "तुला कुणी विचारलं होतं? चाळीस वर्षांत हा माणूस एक रात्र बाहेर राहिला नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी काका गाठोड्यासकट परत आले. विहारातले म्हातारे हळवे नव्हते. काकांचा हात सुरू झाला की ते त्यांना गदागदा हलवून उठवत.

"अकरा वेळा उठवलं मला," काका म्हणाले. "तरी तोच आहे ना मी? उगाच मार खाल्लास, सेइन." यापुढे मी हललो की उठवायचं, नाहीतर हा मी चाललो परत, असं त्यांनी बजावलं. गाठोडंही सोडलं नाही.

काकू बराच वेळ त्यांना निरखत होती. "त्या म्हाताऱ्यांचं काय जातंय? तुमचं फुलपाखरू चुकलं असतं तर दुसरा नवरा मी कुठून आणणार होते?"

त्या दुपारी काका झोपले. मी मुद्दाम थांबले. पाय हलू लागला, हात वर गेला. काकूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. तिच्याने होईना. मी पुढे सरकले तर तिने मला अडवलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो, जाळं भरलंय. चला घरी."

हात वरच थांबला, मग हळूच चटईवर टेकला. पायाने आणखी दोन वल्ही मारली, घराच्या खांबाशी होडी लावताना मारतात तशी, सावकाश. मग तोही थांबला. काकू तोंडावर हात दाबून रडत होती, आवाज न करता.

तासाभराने काका उठले. विचारायला घाबरत होते.

"मारलं का गं?"

"नाही. शांत झोपलात."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना आता चांगलं ठाऊक होतं.

"खरं सांगतेय ती," मी म्हटलं.

मग ते उठले आणि गाठोडं सोडायला बसले.